बेलापूरचा ताप, डॉक्टरांचा संप

दौंड-मनमाड लोहमार्गाने श्रीरामपूरला येणाऱ्या नवख्या प्रवाशाची एकदा तरी फसगत होते. फलाटावरची पाटी सांगते ‘बेलापूर’, आणि बाहेर पडावे तर गाव श्रीरामपूर! खरे बेलापूर तिथून काही किलोमीटर लांब, प्रवरेच्या काठी आहे. नवी मुंबईतल्या बेलापूरशी त्याचे काही नाते नाही, हेही दर वेळी वेगळे सांगावे लागते. पाटी एका गावाची आणि मुक्काम दुसऱ्या, याची या भागाला जुनी सवय आहे. स्टेशनच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. दवाखान्याच्या पाटीचा मामला मात्र वेगळा आहे.

श्रीरामपूर, राहाता, राहुरी या पट्ट्यातल्या कुठल्याही बाजारगावात फिरले की ‘डॉ.’ ही अक्षरे दर पन्नास पावलांवर दिसतात. त्यापुढे नाव आणि नावाखाली बारीक अक्षरांत पदवी: एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस. वरची अक्षरे लांबून वाचता येतात, खालची जवळ गेल्यावरही नीट लागत नाहीत. तापाने फणफणलेल्या पोराला खांद्यावर टाकून आलेला बाप ती वाचायच्या फंदात पडत नाही. त्याच्या लेखी डॉक्टर म्हणजे डॉक्टर. ज्याच्या हाताला गुण आहे, जो रात्री दार उघडतो आणि उधारीवर औषध देतो, तो चांगला डॉक्टर.

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी २४ तासांचा संप केला, तो या बारीक अक्षरांवरून. हाक दिली होती इंडियन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे आयएमएने. निवासी डॉक्टरांच्या संघटनाही सोबत होत्या. मागणी पगाराची नव्हती की सुरक्षेचीही नव्हती. एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ नावाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंद करू नका, एवढीच ती मागणी होती.

या वादाची मुळे २०१४ मध्ये आहेत. त्या वर्षी विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून असा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. आयएमएने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अभ्यासक्रम सुरू केला, तुकड्या बाहेर पडू लागल्या, पण नोंदणीचा प्रश्न लोंबकळत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानदारांना अशा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधे द्यायला हरकत नसल्याचे कळवले. जून २०२५ च्या अखेरीस वैद्यक परिषदेने १५ जुलैपासून स्वतंत्र नोंदवही उघडण्याची अधिसूचना काढली. आयएमएने संपाचा इशारा दिला, सरकारने पाऊल मागे घेऊन समिती नेमली, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा नोंदणी करण्याचे आदेश दिले. मग संप झाला. ज्या परिषदेच्या नोंदवहीवरून हे रण माजले, ती त्या वेळी निवडून आलेल्या सदस्यांच्या नव्हे, प्रशासकाच्या हाती होती, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.

इथे एक घोळ दूर करायला हवा, कारण अनेक वाचक दोन संस्थांना एकच समजतात. वैद्यक परिषद ही कायद्याने बनलेली संस्था आहे. डॉक्टरची नोंदणी तिच्याकडे होते, आणि गैरवर्तनाबद्दल ती नोंदणी निलंबित करण्याचा अधिकारही तिचाच. आयएमए ही डॉक्टरांनी स्वेच्छेने उभी केलेली संघटना. १९२८ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेतून तिचा जन्म झाला; आज देशभर तिचे साडेतीन लाखांहून अधिक सदस्य असल्याचे सांगितले जाते आणि तालुक्याच्या गावांपर्यंत तिच्या शाखा आहेत. ती कुणाची पदवी काढून घेऊ शकत नाही. पण सरकारशी बोलायचे, न्यायालयात जायचे, देशभराचे दवाखाने एक दिवस बंद ठेवायचे बळ तिच्याकडे आहे. डॉक्टरांचे हित आणि रुग्णांचे हित एकाच दिशेला असते तेव्हा हे बळ मोठे उपयोगी पडते. दिशा फाकल्या की खरी परीक्षा सुरू होते.

संपामागचा वैद्यकीय मुद्दा काय होता, तो आधी समजून घेऊ. भाद्रपद-आश्विनातला ताप घ्या. रुग्णाला तीन दिवस ताप, अंग ठणकते, डोके दुखते, जेवण जात नाही. हा साधा विषाणूचा ताप असेल, डेंग्यू असेल, टायफॉइड असेल, मलेरिया असेल, लघवीच्या मार्गातला संसर्ग असेल किंवा न्यूमोनियाची सुरुवात असेल. औषधांच्या नावांची यादी पाठ असणे हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. डेंग्यूचेच पाहा. त्यात धोक्याची वेळ ताप चढलेला असतानाची नसते, तो उतरू लागतो तेव्हाची असते. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग गार पडते, घरचे म्हणतात उतार पडला. त्याच वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर पाझरू लागलेला असू शकतो. रक्त दाट होते, नाडी बारीक होते, पोट दुखते, उलट्या होतात. अशा रुग्णाला अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ‘लवकर बरे वाटावे’ म्हणून स्टेरॉइड टोचले तर ताप दबतो, चेहरा तरतरीत दिसतो, आणि आतल्या आजाराची खूण पुसली जाते. टायफॉइड समजून अँटिबायोटिक सुरू केले, ते दोन दिवसांत थांबवले, की पुढच्या खेपेला तेच औषध लागू पडेल याची खात्री राहत नाही.

निदान चुकले की बरोबर औषधही चुकीचे ठरते. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची इंटर्नशिप यांत औषधशास्त्र हा एक विषय आहे. बाकीचा काळ हे निदान शिकण्यात, वॉर्डात रुग्णांच्या खाटांशी उभे राहण्यात जातो. होमिओपॅथीची पदवीही तेवढ्याच वर्षांची. शरीररचना, शरीरक्रिया, रोगांची ओळख तिथेही शिकवतात, पण उपचाराचा पाया वेगळा असतो. एका वर्षात ती दरी भरून निघते का, हा आयएमएचा सवाल. तो रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतल्या एका खटल्यात हाच मुद्दा स्पष्ट केला होता. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली, आधी विषाणूचा ताप म्हणून, मग टायफॉइड म्हणून. रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, त्याचा आणखी पुरावा लागत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि पत्नीला तीन लाख रुपये भरपाई दिली. २०१४ ची दुरुस्ती ही त्या निकालाभोवतून काढलेली वाट आहे, असे म्हटले तर चुकीचे ठरू नये.

इथपर्यंत आयएमएची बाजू भक्कम आहे. अडचण पुढे येते.

महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत खासगी नर्सिंग होम रात्री कोण चालवते? मालक डॉक्टर सर्जन असतो, एमडी असतो, बहुधा आयएमएचा सदस्यही असतो. रात्री तो घरी जातो. मागे राहतो तो ‘आरएमओ’, आणि हा आरएमओ कित्येक ठिकाणी बीएचएमएस किंवा बीएएमएस असतो. सलाइन तोच लावतो, इंजेक्शनची मात्रा तोच ठरवतो, शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण तोच पाहतो, फार बिघडले तर मालकाला फोन करतो. एमबीबीएस डॉक्टर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, हे त्यामागचे उघड गुपित आहे. म्हणजे दिवसा ज्याच्या चिठ्ठीला विरोध, रात्री त्याच्याच हाती वॉर्ड! होमिओपॅथ संघटनांचे म्हणणे याच जागी टोचते. ‘आम्ही तुमच्या दवाखान्यात कमी पगारावर ॲलोपॅथी दिली तर चालते, स्वतःच्या दवाखान्यात दिली तर शास्त्र बुडते?’ या प्रश्नाला संपाच्या घोषणांत उत्तर नव्हते.

सरकारचेही हात स्वच्छ नाहीत. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत येणारा डॉक्टर बहुतांशी आयुष पदवीधर असतो. उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य मंदिरांत झाले, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमलेल्यांत बीएएमएस पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. आयुर्वेदाच्या पदवीधरांना तर राज्याने १९९२ च्या अधिसूचनेपासूनच आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली आहे. खेड्यात एमबीबीएस जात नाही म्हणून दुसऱ्यांना पाठवायचे, त्यांना पगार कमी द्यायचा, आणि त्यांनी काय द्यावे, काय देऊ नये याची नेमकी यादी मात्र करायची नाही, असा हा राज्यकारभार आहे. आयएमएनेही ‘होमिओपॅथ नको’ हे ठणकावून सांगितले. ‘मग बेलापूरला रात्री दोन वाजता कोण?’ याचे उत्तर तिने मागितलेही नाही आणि दिलेही नाही.

हा संघर्ष पहिल्यांदाच झाला असेही नाही. २०१७ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकात आयुष डॉक्टरांसाठी ‘ब्रिज कोर्स’ होता. आयएमएने जानेवारी २०१८ मध्ये देशभर दवाखाने बंद ठेवले, तरतूद गळली. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी देणारी अधिसूचना आली, ११ डिसेंबरला पुन्हा बंद. दर वेळी शस्त्र एकच. बंदच्या दिवशी तातडीची सेवा चालू राहते असे जाहीर होते. पण बाह्यरुग्ण विभागात आलेली मधुमेहाची आजी आणि गर्भवती तपासणीसाठी तीस किलोमीटरवरून एसटीने आलेली बाई यांचा दिवस बुडतो, तो कोणत्याच निवेदनात मोजला जात नाही.

सीसीएमपीच्या वादात डॉक्टर एकदिलाने उभे राहतात. कट प्रॅक्टिसचे नाव निघाले की सभागृह शांत होते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव विंचूदंशामुळे जगाला माहीत आहे. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावून माणसे हृदय बंद पडून मरत होती. बावस्करांनी तिथेच रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध या रुग्णांना वाचवते हे दाखवले. ‘लॅन्सेट’ने ते छापले. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच बावस्करांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय करायला सांगितले होते, त्याचा हा ‘मोबदला’. त्यांनी तो खिशात घातला नाही, वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. कमिशनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बावस्करांनी फक्त कागद पुढे ठेवला.

२०१७ मध्ये मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचे फलक शहरात लावले, तेव्हा आयएमएने कमिशनवर नव्हे, फलकांवर आक्षेप घेतला. अशा जाहिरातीने सगळ्या पेशाची बदनामी होते, हे तिचे म्हणणे. त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. कायदा मात्र झालाच नाही. मसुदे कपाटात ठेवायला आपल्याकडे जागेची कधी कमतरता पडलेली नाही.

कमिशनचे गणित रुग्णाच्या शरीरावर कसे उतरते, ते ऊसपट्ट्याला वेगळे सांगायला नको. दिवाळीनंतर प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यात बीडचे कोयते येतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतलेली असते, एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ कापला जातो. पाळीच्या दिवसांत, अंगावरून पांढरे जात असताना, ओटीपोट दुखत असताना मोळ्या उचलणे चालूच राहते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेले बीड जिल्ह्यातले आकडे सुन्न करणारे होते. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भपिशवी दहा वर्षांत काढून टाकलेली होती. म्हणजे शंभरात साधारण सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

अंगावरून पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने असते आणि गोळ्यांनी बरे होते. जास्त रक्तस्रावावर औषधे आहेत, गर्भाशयात बसवायची साधने आहेत. पण ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले की तिशीतली बाई कर्ज काढून टेबलावर झोपते. तिला कुणी सांगत नाही की गर्भपिशवी गेल्यावर, बीजकोश जागेवर ठेवले तरी, रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येऊ शकते. बीजकोशही काढले तर ती दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होते. मग हाडे ठिसूळ होतात, सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, आणि कोयता पुन्हा हातात असतोच. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. रोग काय, उपाय कोणकोणते, काहीच न केल्यास काय होईल, हे समजावून घेतलेली परवानगी म्हणजे संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. तो खटलाही गर्भाशय काढल्याचाच होता. बीडच्या प्रकरणानंतर तिथल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पडले. ही शिस्त बाहेरून आली. पेशाच्या आतून आली असती तर तिचे मोल वेगळे ठरले असते.

संघटनेच्या स्वतःच्या हिशेबवहीतही काही पाने अवघड आहेत. २००८ मध्ये आयएमएने पेप्सिको कंपनीच्या फळांच्या रसावर आणि ओट्सवर आपले नाव वापरू देण्याचा तीन वर्षांचा करार केला. रक्कम सव्वादोन कोटी रुपयांच्या घरात होती. डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेची मोहर नाश्त्याच्या डब्यावर! तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने २०१० मध्ये त्यावर कारवाई केली. कंपन्यांकडून भेटी, सहली, पैसे घेऊ नयेत हा नियम डिसेंबर २००९ मध्ये आला होता, त्यात डॉक्टरांबरोबर डॉक्टरांच्या संघटनाही होत्या. पुढे २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘संघटना’ हा शब्द त्यातून वगळला गेला. आता बेलापूरच्या दवाखान्यात एखाद्या डॉक्टरने कंपनीकडून सहल घेतली तर ते गैरवर्तन. पण परिषद भरवणाऱ्या संघटनेने त्याच कंपनीकडून मंडप आणि जेवणावळ घेतली तर तो नियम तिला लागू नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले. कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या परिषदांना जायचे नाही आणि चिठ्ठीवर औषधाचे ब्रँडनाव नव्हे, मूळ नाव लिहायचे. आयएमएने जोरदार विरोध केला; तीन आठवड्यांच्या आत नियम स्थगित झाले आणि २००२ ची जुनी संहिता परत आली. मूळ नावाच्या सक्तीवरची तिची शंका अगदीच पोकळ नाही. सगळ्या उत्पादकांच्या औषधाचा दर्जा सारखा आहे याची हमी सरकार देत नाही, तोवर मूळ नाव लिहिणे म्हणजे निवड डॉक्टरच्या हातून काढून दुकानदाराच्या हाती देणे. त्याला जास्त नफा ज्यात, ती गोळी रुग्णाच्या हातात. पण आज जी ब्रँडनावे लिहिली जातात, ती दर्जा तपासून लिहिली जातात का? काही नावे तर अशी असतात की ती दवाखान्याच्या शेजारच्या मेडिकलखेरीज पंचक्रोशीत कुठे मिळत नाहीत. औषधाच्या मूळ नावाशेजारी ब्रँड लिहिण्याचा मधला मार्ग कुणीही आज, कसल्याही अधिसूचनेशिवाय, अवलंबू शकते.

आयएमएची सर्वांत गाजलेली लढाई बाहेरच्यांशी झाली. २०२२ मध्ये ती पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. आधुनिक औषधांची बदनामी आणि रोग मुळातून बरा करण्याचे दावे, हे तक्रारीचे विषय. ती तक्रार लोकहिताची होती, आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. पण एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने आयएमएकडेही बोट वळवले: महागडी आणि अनावश्यक औषधे लिहिणाऱ्या तुमच्या सदस्यांचे काय, घर आधी नीट करा. या शेऱ्यावर संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. आर. व्ही. अशोकन मुलाखतीत नाराजी बोलून बसले, आणि मग त्यांनाही माफी मागावी लागली. फिर्यादी आणि प्रतिवादी दोघांच्याही माफीनाम्यांची गाठ पडलेला असा खटला विरळाच.

हे सगळे वाचून डॉक्टरांवर चिडण्याआधी दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण तीही तेवढीच खरी आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. ११ रुग्ण गेले. त्यानंतर अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. इमारतीची वायरिंग, अग्निशमन यंत्रणा आणि तिचा निधी यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या लालसोट इथे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने बाई दगावली, पोलिसांनी डॉक्टरवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला, आणि त्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरने आत्महत्या केली. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावले नाही तर मिनिटाला कित्येक मिलिलिटर रक्त वाहते. सगळे बरोबर करूनही दर वेळी ते थांबतेच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले आहे की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायचा तर निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर हवा, आणि त्याआधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यायला हवे. निकाल चांगला आहे. पण जमाव दवाखान्यासमोर उभा असतो तेव्हा ठाणेदार तो वाचत बसत नाही.

धुळ्यात मार्च २०१७ मध्ये नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला कायमची इजा झाली. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई, अशी तरतूद असलेला कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे. त्याची भीती किती, हे धुळ्याने दाखवले. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर आयएमएने घेतलेल्या पाहणीत ३,८८५ डॉक्टरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी रात्रपाळीत असुरक्षित वाटते असे सांगितले. जवळपास निम्म्यांना रात्री टेकायला खोलीही नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी तरुण डॉक्टर का टिकत नाही, याची काही कारणे त्या पाहणीत आहेत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला ती दोन वर्षांपर्यंत. ही सवलत राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य पदवी आणि नोंद असलेल्यालाच मिळते. तेव्हा सीसीएमपीवाल्यांसाठी उघडायच्या स्वतंत्र नोंदवहीचा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा राहत नाही. उद्या रुग्ण दगावला तर एकच इंजेक्शन देणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी एकाला दोन वर्षे आणि दुसऱ्याला पाच, असेही होऊ शकते.

या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले आणि त्यांनी डॉक्टरची वाट न पाहता गावातल्या बायकांना शिकवायला घेतले. यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, लसीकरण, मुलांचे वजन हे त्या पाहू लागल्या, आणि बालमृत्यू झपाट्याने उतरले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या बायकांना कुणी ‘डॉक्टर’ म्हटले नाही, त्यांनाही ते नको होते. आपल्याला काय जमते आणि कोणत्या खुणा दिसल्या की रुग्ण पुढे पाठवायचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पाठवलेला रुग्ण घ्यायला जामखेडचे रुग्णालय तयार होते. सीसीएमपीच्या वादात ना सरकारने अशी यादी केली, ना आयएमएने ती मागितली: या आजारांवर ही औषधे, या खुणा दिसल्या की त्याच तासाला पुढे, आणि पुढे म्हणजे नेमके कुठे. बेलापूरहून लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या अंतरात आहे. रस्ता आहे, गाडी आहे. रुग्ण केव्हा गाडीत घालायचा, हे ठरवणारा माणूस कोण, एवढेच ठरायचे आहे.

तोवर रुग्णाच्या हाती काही गोष्टी आहेत. डॉक्टरच्या नावापुढे नोंदणी क्रमांक असतो. तो कोणत्या परिषदेचा आहे हे विचारण्यात अपमान नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो, आणि दवाखान्यात लावण्यासाठी परिषदेने क्यूआर कोडची सोयही केली आहे. २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. तापात इंजेक्शनचा आग्रह धरू नये. शस्त्रक्रिया सुचवली आणि जीव धोक्यात नसेल, तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवावेत. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. आणि डेंग्यूच्या रुग्णाचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरला, पण पोट दुखतेय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, तर उतार पडला म्हणून घरी बसू नये. पाटी कुठलीही असो, त्या रात्री रक्ताची तपासणी आणि सलाइनची सोय असलेल्या दवाखान्याकडे निघावे.